दोन हृदयांची सरासरी न काढणेबाबत

प्रति,
मा. स्पर्धा अधिकारी,
नौकानयन निवड कार्यालय,
जलाशय इमारत, दुसरा मजला.

विषय : नौका क्रमांक सातमधील पुढच्या बैठकीवरील खेळाडूस उद्याच्या निवड शर्यतीतून वगळणेबाबत, ते शक्य नसल्यास तिला कोणत्याही कारणाने शिक्षा करणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज, आणि त्यांना आपल्या कार्यालयाकडून आलेली, एकमेकांशी न जुळणारी तीन उत्तरे.

महोदय,

१. नौका क्रमांक सातच्या मागच्या बैठकीवर बसणारी अर्जदार आपल्याकडे हा चौथा अर्ज सादर करीत आहे. पहिले तीन अर्ज नियमात बसणाऱ्या भाषेत लिहिले होते आणि ते नियमातच बसून राहिले. त्यामुळे या अर्जात भाषा कोठे कोठे घसरेल. ती उद्धटपणाने घसरलेली नसून पोटतिडकीने घसरली आहे, असे कृपया समजून घ्यावे.

२. नौका क्रमांक सात ही दुहेरी नौका असून तीत दोन सख्ख्या बहिणी वल्ही मारतात. घरी आणि धक्क्यावर त्यांना थोरली आणि धाकटी याच नावांनी ओळखतात. थोरली म्हणजे अर्जदार. या खेळात माणसे जायच्या दिशेकडे पाठ करून बसतात, हे आपणास ठाऊक आहेच. परंतु आपल्या कार्यालयात काहींना ते ठाऊक नसल्याचे आढळून आले, म्हणून नमूद केले. धाकटी पुढे बसून लय धरते. अर्जदार तिच्या पाठीमागे बसून ती लय उचलते. थोडक्यात, गेली नऊ वर्षे अर्जदाराने कोणत्याही शर्यतीत काठ पाहिला नाही, प्रेक्षक पाहिले नाहीत, बक्षिसाचे टेबल पाहिले नाही. पाहिली ती फक्त बहिणीची पाठ. ती पाठ केव्हा दमते, केव्हा रागावते आणि केव्हा थापा मारते, हे अर्जदाराला तिच्या तोंडाआधी कळते. तोंडावर तिचा ताबा आहे, पाठीवर नाही.

३. मागील महिन्यात घरात विषाणूजन्य ताप शिरला. आधी आई अंथरुणाला खिळली, मग धाकटी. ताप सडकून आला, अंगाचा नुसता भुगा झाला, घोटभर पाणी गिळायचे तर डोळ्यांत पाणी येई. अर्जदाराला मात्र साधी शिंकही आली नाही, याचे तेव्हा बरे वाटले होते. ताप उतरला त्याच्या दुसऱ्याच सकाळी धाकटी धक्क्यावर हजर झाली. आमच्या प्रशिक्षकांनी, ज्यांना यापुढे सर म्हटले आहे, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "शाब्बास! ताप अंगात मुरू द्यायचा नसतो. घाम काढ, घामाबरोबर जाईल." सरांसारखा जीव टाकणारा माणूस शोधून सापडायचा नाही. परंतु हे एक वाक्य त्यांना त्यांच्या सरांनी सांगितले होते, आणि त्यांना त्यांच्या. कोणीही वाटेत थांबून ते खरे आहे का, एवढे विचारले नाही.

४. त्या सकाळपासून पाठ वेगळी दिसू लागली. हात मारून झाल्यावर खांदे खाली यायला हवेत, ते वरच अडकून राहू लागले. धक्क्याच्या पायऱ्या ती पूर्वी वल्हे खांद्यावर टाकून उड्या मारीत चढत असे. आता मध्येच थांबून बुटाची नाडी बांधू लागली. बूट बिननाडीचे असतानाही. डाव्या खांद्याखाली तळवा दाबून धरायची नवी खोड लागली. आणि मागच्या आठवड्यात, भर वेगात, तिच्या हातातले वल्हे क्षणभर सुटले. नऊ वर्षांत असे झालेले नाही. अर्जदाराने विचारले तर म्हणाली, "काही नाही गं, डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळी खाल्लं नव्हतं." तिने दोन अंडी आणि केळे खाल्ले होते. ती अंडी अर्जदाराने स्वतः उकडली होती.

५. अर्जदाराने तिला दंडाला धरून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, कागदाच्या पट्टीकडे बराच वेळ पाहिले आणि आपली खुर्ची पुढे ओढली. डॉक्टर खुर्ची पुढे ओढतात तेव्हा माणसाने समजून जावे. बाईंचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : "ताप गेला म्हणजे सगळं गेलं असं नसतं. कधीकधी विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणतो. बसल्या जागी फारसं कळतही नाही. पण सुजलेल्या हृदयाला जोरात पळवलं, तर ठोक्यांची लय बिघडू शकते. चांगले धडधाकट खेळाडू मैदानात उभ्याउभ्या कोसळतात, त्यातले काही यानेच. मला खात्री नाही, दाट संशय आहे. रक्त तपासा, हृदयाची सोनोग्राफी करा, लागलं तर एमआरआय. तोवर वल्ह्याला हात लावायचा नाही. सूज निघाली तर तीन ते सहा महिने विश्रांती, आणि पुन्हा तपासल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही." यावर धाकटी गोड हसली आणि तपासण्यांची वेळ तिने ठरवून घेतली, शर्यतीच्या दुसऱ्या दिवशीची. याला वरातीमागून घोडे म्हणतात, हे अर्जदाराने तिला दवाखान्याच्या पायरीवरच, चार लोकांदेखत सांगितले.

६. आता आपल्या कार्यालयाच्या तपासणीविषयी. हलक्या वजनगटात दोघींच्या वजनाची सरासरी धरतात. त्याबद्दल तक्रार नाही. अर्जदाराची हाडे जड आणि धाकटी काटकुळी, तेव्हा ती पद्धत अर्जदाराच्याच पथ्यावर पडत आली आहे. परंतु आपण छापून घेतलेल्या वैद्यकीय तक्त्यात प्रत्येक नौकेला एकच ओळ आहे. एका ओळीत दोन माणसे कशी भरावी, या अडचणीतून वजनापाठोपाठ उंचीची, रक्तदाबाची आणि नाडीचीही सरासरी काढण्याचा प्रघात आपल्याकडे पडला आहे. अर्जदाराची नाडी बसल्या जागी मिनिटाला चव्वेचाळीस. धाकटीचीही एरवी तेवढीच असते. तपासणीच्या दिवशी ती ब्याण्णव भरली. तपासनीस डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात बेरीज केली, दोनाने भागले आणि अडुसष्ट लिहिले. "उत्तम आहे की नौकेची तब्येत," असे म्हणून त्यांनी शिक्का मारला. ईसीजीची सरासरी निघत नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी दोघींच्या पट्ट्या एकीवर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. अर्जदाराने फरक दाखवला. "अहो, खेळाडूंचे ईसीजी असे वेडेवाकडेच यायचे. सरावाने हृदय मोठं होतं," असे ते म्हणाले. सरावाने ते होते, हे खरे आहे. सरावाने बदललेले हृदय आणि आजाराने बदललेले हृदय वरवर पाहता सारखे दिसू शकते, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते आणि म्हणूनच पुढल्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. तपासनीस डॉक्टरांनी तो कागद "खाजगी" म्हणून परत केला.

महोदय, याचा अर्थ एवढाच होतो की बहिणीला मृत्यूच्या दारात नेऊन सोडणारी वस्तू म्हणजे अर्जदाराचे ठणठणीत हृदय. ते जरा कमी ठणठणीत असते, तर नौका नापास झाली असती आणि धाकटी वाचली असती.

७. पहिल्या अर्जाला उत्तर आले की माघार खेळाडूने स्वतः घ्यावी. दुसऱ्याला उत्तर आले की अर्ज प्रशिक्षकामार्फत यावा, तथापि विशेष बाब म्हणून फेरतपासणी मंजूर आहे. फेरतपासणीच्या दिवशी अर्जदाराने सरासरी वाढवण्याच्या एकमेव हेतूने आपल्या इमारतीचा जिना तळमजल्यापासून गच्चीपर्यंत धावत चढून उतरून काढला. आपले पहारेकरी मागे धावले होते, त्यांची क्षमा मागते. नाडी चांगली दीडशेच्या वर नेऊन अर्जदार तपासणीच्या खोलीत शिरली. तपासनीस डॉक्टरांनी "बसा, दम खा, पाणी प्या," असे सांगून बाकावर बसवले. वर्षानुवर्षांच्या सरावाने अर्जदाराचे हृदय फार लवकर ताळ्यावर येते. अर्जदाराने ते येऊ नये म्हणून श्वास रोखून पाहिला, संतापजनक गोष्टी आठवून पाहिल्या. काही उपयोग झाला नाही. शेजारी धाकटी बसली होती. ती रिक्षाने आली होती, लिफ्टने वर आली होती. अर्जदाराने तिचे मनगट हातात घेतले. आपले ठोके संथ होत गेले आणि बोटांखालचे तिचे तसेच धावत राहिले, हे अर्जदाराने त्या बाकावर बसून अनुभवले आहे. असे अनुभवण्याची वेळ आपणावर न येवो.

८. तिसऱ्या अर्जाचे उत्तर येथे मुद्दाम उतरवत नाही, कारण ते कोणाला खरे वाटणार नाही. सारांश असा की वैद्यकीय दाखला नौकेस दिलेला असल्याने त्याविरुद्ध तक्रार असल्यास ती नौकेने करावी. खिडकीवरच्या कारकूनभाऊंनी समजूत घातली : "ताई, बोट एक, अर्ज एक, सह्या दोन. बहिणीची सही आणा, लगेच पुढे सरकवतो." स्वतःला वगळण्याच्या अर्जावर धाकटी सही करणार नाही. ती करती, तर अर्जाची गरजच काय होती? प्रस्तुत अर्जावरही सही एकच आहे. उद्या पाण्यात एक बुडाली आणि एक तरली, तर नौका अर्धी बुडाली अशी नोंद आपण करणार काय, हे विचारण्याचे धाडस अर्जदार करते.

९. आपण म्हणाल, मग थोरलीनेच का माघार घेऊ नये? तोही विचार करून झाला. अर्जदाराने नाव मागे घेतले तर राखीव खेळाडूस मागच्या बैठकीवर बसवले जाईल. ती मुलगी गुणी आहे, दणकट आहे, आणि तिलाही संधी हवी आहे. परंतु तिला धाकटीची पाठ वाचता येत नाही. खांदे वर अडकले की तिला वाटेल धाकटी जोर लावते आहे, आणि तीही जोर लावील. म्हणजे आगीतून फुफाट्यात. सरांना दोनदा सांगितले. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा हसले नाहीत, म्हणाले, "थोरले, तिला बाहेर काढलं तर ती मनाने मरेल गं." मनाने मेलेली माणसे जेवतात, भांडतात, पुढे केव्हातरी पुन्हा हसतात. अर्जदाराला ती चालतील.

१०. धाकटी असा हट्ट का करते, हे लिहिल्याशिवाय तिच्यावर अन्याय होईल. काल दुपारी स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता तिने ते सांगून टाकले. "तुझं हे शेवटचं वर्ष आहे, ताई. पुढच्या निवडीला तू वयात बसत नाहीस. तू माझ्यासाठी नऊ वर्षं मागे बसलीस. मी आत्ता उठले तर तू घरी बसणार, कायमची. मी नाही उठणार." अर्जदाराने सुरी तिच्या हातातून काढून घेतली. ओरडली, रडली, पाया पडायची तेवढी राहिली. थोरल्या बहिणीने धाकटीच्या पाया पडायचे नसते, पण तेही केले असते. धाकटी म्हणाली, "दोन किलोमीटरचा तर प्रश्न आहे." खोलीतून आईने हाक मारली. आई अजून तापातून पुरती सावरलेली नाही, तिला सगळे सांगितलेले नाही. पण आयांना काय सांगावे लागते? तिने अर्जदाराचा हात धरून म्हटले, "तू आहेस ना तिच्या मागे? मग मला घोर नाही."

या वाक्यानंतर अर्जदाराला घास गेलेला नाही.

११. तरी आपणास पुढीलप्रमाणे विनंती आहे. हा अर्ज शर्यतीपूर्वी आपल्या नजरेस पडलाच, तर धाकटीस वगळावे. वगळण्याचे कलम सापडत नसेल तर अर्जदाराची नाडी हिशेबातून काढून टाकावी आणि उरेल ती नाडी नौकेची समजावी. तेही जमत नसेल, तर धाकटीस शिक्षा करावी. आपली नियमपुस्तिका अर्जदाराने पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत वाचली आहे. खेळाडूला विश्रांती देण्याचे एकही कलम तीत नाही, शिक्षा देण्याची मात्र अनेक आहेत. कारणांची ददात पडू देणार नाही. धाकटीने महिलांच्या स्वच्छतागृहाची कडी मोडली आहे. ती सरांची हुबेहूब नक्कल करते आणि मागणी आल्यास आपलीही करते. नौकेचे नट आवळायचा सामायिक पाना तिने घरी नेला, तो अजून आमच्या खिडकीत आहे. यांपैकी प्रत्येक गुन्ह्यास अर्जदार साक्षीदार असून जबाब देण्यास तयार आहे. शिक्षा मात्र सहा महिन्यांची असावी. त्याहून कमी असल्यास डॉक्टरीणबाईंना चालणार नाही.

१२. तथापि हा अर्ज वेळेत पोहोचणार नाही, याची अर्जदाराला कल्पना आहे. दुपारनंतर खिडकीवर दिलेला कागद आपल्याकडे दुसऱ्या दिवशी नोंदला जातो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर वर येतो. शर्यत सकाळी आहे. अर्जदार आत्ता खिडकीसमोरच्या बाकावर बसून लिहीत आहे आणि दुपार कलण्याची वाट पाहत आहे, कारण हा कागद आधी पोहोचला तर आपण धाकटीऐवजी थोरलीलाच नौकेतून उतरवाल. म्हणजेच आपण हे वाचत असाल तेव्हा सर्व होऊन गेलेले असेल. म्हणून काय झाले ते आधीच कळवून ठेवते, जेणेकरून आपणास चौकशी नेमण्याचा त्रास पडू नये.

नियम एकोणीस असा आहे की जी नौका हेतुपुरस्सर वल्ही मारणार नाही, तिच्या दोन्ही खेळाडूंना सहा महिने स्पर्धेस आणि सरावासही पाण्यात उतरण्याची मनाई राहील. दोघींना सारखीच, पूर्ण. अर्जदार वयाच्या हिशेबाने त्यानंतर परत येऊ शकणार नाही, हे तिला माहीत आहे. तिने त्याचा विचार करून टाकला आहे.

सकाळी एकूण सहा नौका रांगेत लागतील. तराफ्यावर पालथे पडलेले स्वयंसेवक नौकांची टोके धरून ठेवतील. निशाण पडेल. धाकटी पहिला हात मारील. अर्जदार आपली दोन्ही वल्ही पाण्यात उभी रोवून, अंगातला सगळा जोर लावून धरून ठेवील. पाच नौका निघून जातील. धाकटीला शर्यतीत मागे वळून पाहायची सवय नाही. नौका हलत नाही एवढेच तिला कळेल. ती ओरडेल, "ताई, ओढ! ताई, ओढ ना!" अर्जदार ओढणार नाही. ती एकटी किती जोर लावील, आणि त्या जोराने तिला काय होईल, याचा हिशेब अर्जदाराला लागलेला नाही. पण दोन किलोमीटर वल्हवणे आणि जागच्या जागी मारलेले चार हात यांत काहीतरी फरक असेल, एवढ्या आशेवर हे ठरवले आहे. याहून चांगला मार्ग असता तर तो आपल्या कार्यालयातून गेला असता, आणि तेथे अर्जदार तीन वेळा जाऊन आली.

१३. अखेरची विनंती दयेबाबत आहे. आपण मनाने हळवे आहात असे ऐकिवात आहे. आपल्यासमोर दोन रडवेल्या बहिणी उभ्या राहतील. धाकटी सांगेल की माझा दोष नाही, मी वल्ही मारत होते, आणि ते शंभर टक्के खरे असेल. थोरलीची आजवरची कामगिरी पाहून ताकीद देऊन सोडावे, असे आपल्याही मनात येईल. सर रदबदली करतील. कृपया कोणाचेही ऐकू नये. नियम एकोणीस दोघींना पुरेपूर लावावा, एक दिवसही माफ करू नये, आणि निकालाची प्रत धाकटीच्या हातात द्यावी.

लोक म्हणतील थोरलीने ऐन वेळी कच खाल्ली, कोणी म्हणेल धाकटीवर जळत होती. म्हणोत. धाकटी अर्जदाराशी बोलणे टाकील, हे अर्जदार तिची पाठ न पाहताही सांगू शकते. ती एक वर्ष बोलणार नाही, कदाचित दहा वर्षे बोलणार नाही. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर बसून ती तोंड फिरवून घेईल. तिने जन्मभर अबोला धरला तरी अर्जदाराची तक्रार नाही आणि त्यासाठी अर्ज करायला ती पुन्हा आपल्या दारी येणार नाही. अबोला धरायला ती असावी, एवढेच मागणे आहे.

सोबत : दवाखान्यातील ईसीजीची पट्टी व डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, जी आपल्याकडून खाजगी म्हणून परत आली होती.

दिनांक : निवड शर्यतीचा आदला दिवस, दुपारनंतर.

आपली नम्र,
(एकच सही)
थोरली,
नौका क्रमांक सात, मागची बैठक.